शेतकरी आंदोलन आणि सायकल शर्यती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातली एखादी मोठी सायकल शर्यत आंदोलनामुळे थांबली की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काहींना शर्यतीचे नियम समजून घ्यायचे असतात, तर काहींना ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरलेल्या माणसाचं म्हणणं काय आहे ते. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी घेतले आहेत, पेचाचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेतकऱ्यांचं भांडण सरकारशी असतं. मग सायकलवाल्यांना का अडवतात?

कारण शर्यत त्यांच्या दारात येते. फुटबॉलचा सामना मैदानात होतो. तिथे कुंपण असतं, तिकीट असतं, आत कोण येणार हे ठरवता येतं. सायकल शर्यतीचा एक टप्पा, म्हणजे एका दिवसाचं अंतर, दीडशे-दोनशे किलोमीटरचा असतो आणि त्यातला बहुतेक रस्ता शेतांमधून जातो. मार्ग कित्येक महिने आधी जाहीर होतो. कोणत्या गावातून शर्यत साधारण किती वाजता जाणार, याचं वेळापत्रकही छापून येतं. एरवी ज्या शेतकऱ्याच्या निवेदनाला सरकारी कार्यालयात पोचपावतीपलीकडे काही मिळत नाही, त्याला ठाऊक असतं की अमुक दिवशी दुपारी जगभरातले कॅमेरे आपल्या बांधावरून जाणार आहेत.

हा राग शर्यतीवर नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. त्याच गावातले, बऱ्याचदा त्याच घरातले लोक दरवर्षी रस्त्याकडेला खुर्च्या टाकून तासन्‌तास शर्यतीची वाट बघत बसतात (प्रश्न १३ पाहा).

२. २०१८ च्या टूर द फ्रान्समध्ये नक्की काय झालं? शेतकऱ्यांनी खेळाडूंच्या डोळ्यांत स्प्रे मारला हे खरं का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच घटनेबद्दल आहे.

टूर ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची शर्यत. २४ जुलै २०१८, तिचा सोळावा टप्पा. कार्कासोन ते बान्येर-द-लुशों, २१८ किलोमीटर. सुरुवातीचे जेमतेम तीस किलोमीटर झाले होते. पुढे शेतकऱ्यांनी रस्त्यावर गवताचे गठ्ठे आणून टाकले होते. पोलिस गठ्ठे हटवत होते आणि आंदोलकांना मागे रेटत होते. त्या झटापटीत पोलिसांकडून डोळ्यांत झोंबणारा फवारा मारला गेला. तो आंदोलकांसाठी होता. पण हवेत सुटलेला फवारा कुणाचा माणूस कोण ते बघत नाही, आणि नेमक्या त्याच हवेत सायकलपटूंचा जथा शिरला.

पुढचं दृश्य मी त्या दिवशी टीव्हीवर पाहिलं आणि ते अजून डोळ्यांसमोर आहे. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्याची जर्सी, घातलेला गेरेंट थॉमस डोळे चोळतोय. ख्रिस फ्रूम आणि पीटर सागान यांचीही तीच अवस्था. कुणी सायकल आडवी धरून खाली मान घालून उभा आहे, कुणी बाटलीतलं पाणी तोंडावर मारतोय. शर्यतीचे डॉक्टर एकेकाच्या डोळ्यांत थेंब घालतायत. सायकलपटू मेहनतीच्या वेळी तोंड उघडं ठेवून खोल श्वास घेत असतो, त्यामुळे असलं काही हवेत असेल तर ते फक्त डोळ्यांत नाही, घशातही जातं.

शर्यत साधारण पाव तास थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. टप्पा पूर्ण झाला, तो ज्युलियन आलाफिलिपने जिंकला. त्या वर्षीची टूर थॉमसने जिंकली.

म्हणून घटना सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: रस्ता शेतकऱ्यांनी अडवला, फवारा पोलिसांनी मारला. रस्ता अडवण्याची जबाबदारी शेतकऱ्यांचीच आहे, ती मी कमी करत नाही. पण जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

३. त्यांची मागणी तरी काय होती?

मदतीतली कपात मागे घ्या, एवढीच. युरोपीय संघाच्या शेती धोरणात डोंगराळ, उताराच्या, हलक्या मातीच्या किंवा कोरड्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी वेगळी भरपाई असते. सपाट, कसदार जमिनीवर जितकं पिकतं तितकं तिथे पिकत नाही, म्हणून तो फरक थोडा भरून काढायचा. कोणती गावं या यादीत येतात हे ठरवण्याचे निकष युरोपीय संघाने नव्याने घालून दिले आणि २०१८ मध्ये फ्रान्समध्ये नवा नकाशा तयार झाला. तो २०१९ पासून लागू होणार होता. काही गावं यादीत आली, काही बाहेर पडली.

बाहेर पडणं म्हणजे काय, ते असं बघा. दोन गावांच्या मधून नकाशाची रेघ जाते. दोन्हीकडे तीच माती, तोच उतार, तोच वारा. रेघेच्या अलीकडचा मेंढपाळ भरपाई घेतो, पलीकडच्याची बंद होते. कार्कासोनच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये लहान कळप सांभाळणाऱ्या माणसासाठी ही रक्कम म्हणजे वर्ष तोट्यात जाणं आणि कसंबसं निभावणं यांतला फरक असतो.

४. २०२४ मध्ये पाच दिवसांची शर्यत एका दिवसात संपली असं वाचलं. हे कसं झालं?

ती स्पेनमधली व्हुएल्टा आ अंदालुसिया, जिला रुता देल सोल असंही म्हणतात. १४ ते १८ फेब्रुवारी २०२४ असे पाच टप्पे होते. संघ पोचले होते, सायकली उतरवल्या होत्या, हॉटेलं भरली होती. त्याच वेळी स्पेनभर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर महामार्गांवर होते. ६ फेब्रुवारीपासून आंदोलनाने जोर धरला होता. शर्यतीच्या बंदोबस्ताचं काम गार्दिआ सिव्हिल या स्पेनच्या पोलिस दलाचं असतं, आणि तिचे लोक आंदोलनाच्या बंदोबस्तावर वळवले गेले. शर्यतीसाठी माणसं उरली नाहीत.

पहिला टप्पा रद्द झाला, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी हाएन प्रांतातल्या आल्काउदेते गावात साधारण पाच किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत, घेण्यात आली. चौथा आणि पाचवा टप्पाही झाला नाही. टाइम ट्रायल जिंकणारा बेल्जियमचा माक्सिम व्हॅन गिल्स हाच संपूर्ण शर्यतीचा विजेता ठरला.

ही टाइम ट्रायल कुठे झाली ते बघा. हाएन म्हणजे ऑलिव्हचा प्रांत. टेकडीवर टेकडी, आणि सगळीकडे ओळीने लावलेली ऑलिव्हची झाडं. जगात इतकं ऑलिव्ह तेल देणारा दुसरा प्रांत नाही. आणि २०२२-२३ च्या हंगामात दुष्काळामुळे स्पेनचं ऑलिव्ह तेलाचं उत्पादन आधीच्या हंगामाच्या निम्म्याहून खाली गेलं होतं. तेल दुकानात महाग झालं, म्हणून ज्याच्या झाडाला फळच धरलं नाही त्याच्या हातात काही जास्त आलं नाही. सायकलपटू ज्या झाडांमधून गेले, त्यांच्या मालकांचे भाऊबंद त्या दिवशी महामार्गावर होते.

५. म्हणजे शेतकऱ्यांनी ती शर्यत अडवलीच नाही? मग पोलिसांशिवाय घ्यायची होती!

बरोबर ओळखलंत, त्या शर्यतीच्या रस्त्यावर कुणी गठ्ठे टाकले म्हणून ती थांबली नाही. पण पोलिसांशिवाय ती घेता येत नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

दोनशे किलोमीटरचा रस्ता सबंध दिवस बंद ठेवता येत नाही. म्हणून फिरती बंदी असते. शर्यतीच्या थोडं आधी रस्ता बंद होतो, शेवटची गाडी गेली की उघडतो. हे काम मोटारसायकलवरचे पोलिस करतात. एक पोलिस पुढच्या चौकात जाऊन उभा राहतो, आडव्या रस्त्यावरची वाहनं रोखतो. सगळा जथा आणि संघांच्या गाड्या गेल्या की तो मोटारसायकलवर बसतो, रस्त्याच्या कडेने जथ्याला ओलांडून पुन्हा पुढे जातो आणि आणखी पुढचा चौक धरतो. हे चार-पाच तास चालू असतं. वाटेत शेकडो फाटे, गावातल्या गल्ल्या, शेतातून येणाऱ्या पायवाटा. एका फाट्यावर माणूस नसेल आणि तिथून एक गाडी आली, तर समोरून पन्नासच्या वेगाने दीडशे माणसं येत असतात.

पाच किलोमीटरची टाइम ट्रायल एका गावापुरती असते. थोड्या माणसांत ती सांभाळता येते. म्हणून आल्काउदेतेमध्ये तेवढंच होऊ शकलं.

पोलिसांच्या उपलब्धतेवर शर्यतीचं कॅलेंडर किती अवलंबून असतं याचं मोठं उदाहरण त्याच वर्षी दिसलं. पॅरिस ऑलिंपिकची तयारी आणि सुरक्षा यांमुळे २०२४ ची टूर द फ्रान्स नीसमध्ये संपली. टूर पॅरिसच्या परिसराबाहेर संपण्याची ती पहिलीच वेळ.

६. २०२४ मध्ये इतक्या देशांतले शेतकरी एकदम कसे उठले?

कारणं देशागणिक वेगळी होती, पण शेतकरी एकाच धोरणाखाली आणि एकाच बाजारात होते. फ्रान्समध्ये शेतीच्या डिझेलवरची करसवलत कमी करण्याचा बेत ही ठिणगी होती. पंतप्रधान गाब्रिएल आताल यांनी २६ जानेवारी २०२४ रोजी तो बेत मागे घेतला, तरी त्यानंतर ट्रॅक्टरांनी पॅरिसकडे येणारे महामार्ग अडवले. स्पेनमध्ये दुष्काळ, पडलेले भाव आणि कागदपत्रांचं ओझं. शिवाय सगळीकडे तक्रार एक होती: आमच्यावर औषधांचे, पाण्याचे, पडीक जमीन ठेवण्याचे नियम लावता आणि ज्यांच्यावर ते नियम नाहीत त्यांचा माल आयात करता. दक्षिण अमेरिकेतल्या मेर्कोसुर देशांशी होणारा करार या रागाच्या केंद्रस्थानी होता.

आंदोलनाला यश आलं का, असंही विचारलं जातं. काही प्रमाणात आलं. ६ फेब्रुवारी २०२४ ला युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याच्या कायद्याचा प्रस्ताव मागे घेत असल्याचं जाहीर केलं. चार टक्के जमीन पडीक ठेवण्याच्या अटीतूनही सूट मिळाली. भावाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

७. शर्यत मध्येच थांबली तर पुढे असलेल्या खेळाडूची आघाडी जाते का?

साधारणपणे जात नाही. शर्यत 'न्यूट्रलाइज' केली जाते, म्हणजे सगळ्यांना आहे त्या जागी थांबवलं किंवा संथ चालवलं जातं. त्या क्षणी पुढच्या गटात आणि मुख्य जथ्यात किती वेळाचं अंतर होतं ते नोंदवतात. पुन्हा सोडताना पुढच्यांना आधी सोडतात आणि तेवढा वेळ मोजून मागच्यांना.

१२ जुलै २०२२ ला टूरच्या मोर्झिन ते मेजेव्ह टप्प्यात हे नीट दिसलं. तिथे शेतकरी नव्हते, हवामान बदलासाठी आंदोलन करणारे रस्त्यावर बसले होते. शर्यत दहा-बारा मिनिटं थांबली, अंतर राखून पुन्हा सुरू झाली. टप्पा माग्नुस कोर्टने जिंकला. पुढच्या गटातला लेनार्ड केम्ना पिवळ्या जर्सीपासून फक्त ११ सेकंद दूर राहिला. ११ सेकंदांचा फरक असताना अंतर मोजून देणं किती महत्त्वाचं असतं ते यावरून कळेल.

पण घड्याळात मोजता न येणारं नुकसान होतंच. पुढे पळणाऱ्याची लय तुटते, पाय गार पडतात. मागचा जथा मात्र दम घेतो, खातो, पाणी पितो. याची भरपाई कुठल्याही नियमात नाही.

८. थांबवायचं की रद्द करायचं हे कोण ठरवतं?

शर्यतीचा संचालक. पण एकट्याने नाही. पंचांच्या मंडळाची संमती लागते आणि वेळ मोजणाऱ्यांना कळवावं लागतं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांत त्यांना पर्याय दिलेले आहेत: मार्ग बदलणं, तात्पुरतं थांबवणं, टप्पा झालाच नाही असं धरणं, काही भाग वगळून अडथळ्याच्या जवळून पुन्हा सुरू करणं, निकाल आहे तसा ठेवणं, किंवा त्या क्षणाचं अंतर धरून पुन्हा सोडणं. पोलिसांनी किंवा प्रशासनाने 'इथून जाता येणार नाही' म्हटलं, तर तिथे संचालकाचंही काही चालत नाही.

९. टप्पा अर्धवट राहिला तर विजेता कोण?

प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आहे.

१९८२ च्या टूरमध्ये देनां इथल्या यूझिनोर पोलाद कारखान्यातल्या कामगारांनी सांघिक टाइम ट्रायलचा रस्ता अडवला. त्यांचा कारखाना बंद होणार होता. टप्पा रद्द झाला आणि काही दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी सांघिक टाइम ट्रायल घेतली गेली.

२०२५ च्या व्हुएल्टा आ एस्पान्यात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, पॅलेस्टाइनच्या समर्थनार्थ झालेल्या निदर्शनांमुळे बिल्बाओमधल्या अकराव्या टप्प्याच्या वेळा शेवटच्या रेषेच्या तीन किलोमीटर आधीच घेतल्या गेल्या. एकूण क्रमवारीत त्या धरल्या, पण टप्प्याचा विजेता कुणालाच घोषित केलं नाही. त्याच शर्यतीचा माद्रिदमधला शेवटचा टप्पा सोडून द्यावा लागला आणि आदल्या दिवसाच्या क्रमवारीप्रमाणे योनास व्हिंगेगोर विजेता ठरला.

टप्पेच झाले नाहीत तर काय, याचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

१०. पाच किलोमीटर चालवून जिंकलेला माणूस खरा विजेता कसा?

नोंदीत तो विजेता आहे आणि असायलाच हवा. व्हॅन गिल्सने रस्ता निवडला नव्हता. त्या दिवशी जी शर्यत समोर होती ती त्याने सगळ्यांपेक्षा वेगाने पूर्ण केली. दोनच महिन्यांनी फ्लेश वालोनसारख्या जुन्या, कठीण एकदिवसीय शर्यतीत तो तिसरा आला. त्याच्या पायांतल्या बळाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्यांचं. डोंगर चढणारे जे सायकलपटू हिवाळाभर तयारी करून अंदालुसियाच्या चढांसाठी आले होते, त्यांना सपासप पाच किलोमीटर मारून घरी जावं लागलं. लहान संघांसाठी अशा शर्यती म्हणजे पुढच्या करारासाठी स्वतःला दाखवण्याची जागा असते.

११. रस्त्यावर गवत किंवा माती टाकली तर एवढं काय बिघडतं? सायकलवाला वळसा घालून जाईल की.

एकटा असेल तर जाईल. शंभर-दीडशे जण असतील तर नाही. हे उत्तर लांब आहे, पण ते आंदोलन करणाऱ्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

जथ्यात पुढचे पाच-दहा जण सोडले तर कुणालाच रस्ता दिसत नाही. त्याला दिसतं फक्त पुढच्याचं मागचं चाक, तेही वीतभर अंतरावर. सपाटीवर वेग पन्नासच्या घरात, उतारावर सत्तर-ऐंशीच्या. टायरची रुंदी साधारण तीन सेंटिमीटर. पुढचा माणूस अडथळा पाहून ब्रेक दाबतो, तेव्हा मागच्याला विचार करायला वेळच नसतो. चाकाला चाक लागतं आणि पत्त्यांच्या घरासारखी माणसं पडतात. अंगावर पातळ कापड, डोक्यावर हेल्मेट, बाकी काही नाही. कोपर, गळ्याखालचं हाड, मांडीची कातडी सगळं डांबरावर.

सरळ रस्त्यावर, लांबून दिसेल असा गवताचा मोठा गठ्ठा असेल तर पुढची गाडी तो आधीच पाहते आणि शर्यत थांबते. खरा धोका वळणापलीकडे, उतारावर, सावलीत टाकलेल्या खडीचा, खिळ्यांचा, ओल्या शेणाचा असतो. ज्या शेतकऱ्याला आपलं म्हणणं ऐकवायचं आहे त्याने लांबून दिसणारा अडथळा निवडावा, आणि आयोजकांना आधी कळवता आलं तर फारच चांगलं. रक्ताळलेल्या खेळाडूचं चित्र एकदा पडद्यावर गेलं की फलकावर काय लिहिलं होतं ते कुणी वाचत नाही.

१२. खेळाडू आंदोलकांवर धावून गेले असं कधी झालंय का?

झालंय. १९८४ च्या पॅरिस–नीस शर्यतीत ला सिओताच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांनी रस्ता अडवला होता. फ्रान्सचा नामवंत सायकलपटू बर्नार ईनो थेट त्या गर्दीत घुसला आणि त्याने ठोसे मारले. तो फोटो अजूनही फिरत असतो आणि बरेच जण तो अभिमानाने पाठवतात. मला तो अभिमानाचा वाटत नाही. समोरची माणसं रोजगार जाणार म्हणून उभी होती.

हाच ईनो १९७८ मध्ये व्हालान्स-दाजांला संपकरी सायकलपटूंच्या अग्रभागी उभा होता, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. दिवसाला दोन-दोन टप्पे, अपुरी झोप, सततचा प्रवास याविरुद्ध सायकलपटू सायकली हातात धरून चालत शेवटच्या रेषेपाशी आले. टप्पा रद्द झाला. शर्यत थांबवून म्हणणं मांडण्याची गरज सायकलपटूंनाही पडली होती.

१३. टूरमध्ये हेलिकॉप्टरमधून शेतात ट्रॅक्टरांची गोल फिरणारी चाकं दिसतात. तोही निषेध असतो का?

बहुतेक वेळा अजिबात नाही, ते स्वागत असतं. शेतात गवत कापून, गठ्ठे रचून, ट्रॅक्टर गोलात फिरवून प्रचंड सायकली तयार करतात. त्या फक्त वरून दिसतात. एफएनएसईए ही फ्रान्समधली मोठी शेतकरी संघटना अशा शेतचित्रांची स्पर्धा टूरच्या वेळी भरवत आली आहे. एका चित्रामागे गावातल्या कितीतरी लोकांची दिवसांची मेहनत असते: कुणी दोरी धरून वर्तुळ आखतो, कुणी रंगीत कापड पसरतो, आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला की ट्रॅक्टरवाले एका तालात फिरायला लागतात. हे सगळं कॅमेऱ्यात दहा-बारा सेकंद दिसतं.

कधी त्याच शेतात एखादं वाक्यही लिहिलेलं असतं, भावाबद्दल, आयातीबद्दल. मला निषेधाचा हा प्रकार सगळ्यात जवळचा वाटतो. तो दिसतो, वाचता येतो आणि कुणी पडत नाही. पण त्याची बातमी होत नाही, गठ्ठ्यांची होते. ही खंत शेतकरी बोलून दाखवतात आणि ती खरी आहे.

१४. रस्ता अडवणाऱ्यांना शिक्षा होते का?

फ्रान्समध्ये वाहतूक अडवण्याच्या हेतूने रस्त्यावर अडथळा टाकणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ४,५०० युरो दंडाची तरतूद आहे.

१५. शर्यत अडवणारे नेहमी शेतकरीच असतात का?

नाही. पोलाद कामगार आणि जहाज कामगार वर आले (प्रश्न ९ आणि १२), हवामान आंदोलकही आले (प्रश्न ७). ६ ऑगस्ट २०२३ ला ग्लासगोच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत आंदोलकांनी स्वतःला रस्त्याला चिकटवून घेतलं होतं, तेव्हा शर्यत तासाभराच्या आसपास थांबली. ती नंतर मॅथ्यू व्हॅन डर पूलने जिंकली. शेतकऱ्यांचं वेगळेपण एवढंच की शर्यत ज्या जमिनीतून जाते ती त्यांची असते, आणि अडथळा म्हणून जे वापरतात ते त्यांच्या रोजच्या कामातलं असतं.

१६. तुम्ही कुणाच्या बाजूने?

हे विचारणाऱ्यांना मी टाळत नाही. रस्त्यावर खेळाडूचा जीव धोक्यात घालण्याच्या मी विरोधात आहे, कारण कोणतंही असो. पण ज्या खेळाला मैदान नाही, जो दुसऱ्याच्या गावातून, दुसऱ्याच्या शेताच्या सौंदर्यावर उभा आहे, त्याने त्या गावाचं दुखणं आपलं नाही असं म्हणू नये. सूर्यफुलांचं शेत टीव्हीवर दाखवायचं आणि ते पिकवणाऱ्याला दोन मिनिटं द्यायची नाहीत, हे मला पटत नाही. टप्प्याच्या सुरुवातीला, शर्यत सुटण्याआधी शेतकऱ्यांना त्यांचं म्हणणं मांडू द्यावं. खेळाडू तेव्हा उभेच असतात आणि कॅमेरे चालूच असतात.

१७. २०२५ च्या टूरमध्ये ला प्लान्यचा टप्पा शेतकऱ्यांच्या विरोधामुळे छोटा केला, बरोबर?

नाही, तिथे कुणी रस्ता अडवला नव्हता. या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते वरच्या कुठल्याच खान्यात बसत नाही.

२०२५ च्या जूनअखेर फ्रान्सच्या साव्हुआ भागात गुरांमध्ये लम्पी त्वचा रोग सापडला. फ्रान्समध्ये त्याआधी हा रोग नव्हता. अंगावर गाठी येतात, ताप चढतो, दूध आटतं. रक्त पिणाऱ्या माश्यांमधून तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. तिथला नियम असा होता की कळपात एक जनावर बाधित निघालं तरी सगळा कळप मारायचा.

२५ जुलैला टूरचा एकोणिसावा टप्पा अल्बेरविलहून ला प्लान्यला जायचा होता, वाटेत कोल द सेझी ही खिंड होती. त्या खिंडीजवळच्या एका कळपात रोग निघाला. टूरच्या आयोजकांनी प्रशासनाशी बोलून तो भागच मार्गातून काढून टाकला. जवळपास १३० किलोमीटरचा टप्पा ९५ किलोमीटरवर आला. तो थायमेन आरेन्समनने जिंकला. कारण देताना रोगाचा प्रसार टाळण्याबरोबरच तिथल्या पशुपालकांवर आलेल्या संकटाचाही उल्लेख केला होता.

चाहते नाराज झाले, एक चांगला चढ गेला म्हणून. ते मी समजू शकतो, मलाही तो चढ बघायचा होता. पण ज्या कुरणात काल गाई होत्या आणि आज नाहीत, त्या कुरणाशेजारून जाहिरातींच्या गाड्या गाणी वाजवत, टोप्या उधळत न्यायच्या होत्या. त्या सकाळी खिंडीच्या रस्त्याने कुणी गेलं नाही.